नव्या जाळीचा चौथा दिवस

"मंदा, हे वाक्य जरा बघ गं." कारखानीस सरांनी चहाचा कप बाजूला सारून कागद माझ्यापुढे ठेवला. "'समुद्राकाठच्या देशाने आपल्या डोंगराळ शेजाऱ्याकडून धडा घ्यावा.' फार कडक वाटतं का?"

"कडक नाही वाटत सर. पण धडा कसला घ्यायचा, ते कुठे लिहिलंय?"

"अगं, आकडेच बोलतायत की! टनभर नायट्रिक ॲसिड बनवताना इथे तीन किलो वायू बाहेर पडतो, तिकडे नऊ. तिप्पट! आणखी काय लिहू, कप्पाळ?"

मी पावाला लोणी लावत राहिले. खरं तर मला त्या आकड्यांत काहीतरी खुपत होतं. काय खुपतंय ते कळतही होतं, पण कबूल करायची हिंमत नव्हती. या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली.

देशांची नावं मी सांगणार नाही. तसं लिहून दिलंय आणि दिलेला शब्द मोडायची मला सवय नाही. दोन्ही देश आपल्या एखाद-दोन जिल्ह्यांएवढे. एक डोंगरात, एक समुद्राकाठी. दोघांकडे नायट्रिक ॲसिडचा एकेकच कारखाना. हे ॲसिड खतासाठी लागतं, आणि ते बनताना नायट्रस ऑक्साईड नावाचा वायू धुराड्यातून निसटतो. ना रंग, ना धूर. दवाखान्यात गुंगी देतात तोच हा, पण वर गेला की कार्बन डायऑक्साईडच्या पावणेतीनशे पट तापवतो. कारखाना एकच, त्यामुळे त्याचं धुराडं जे सोडेल तोच अख्ख्या देशाचा आकडा. या दोन आकड्यांची तुलना करायला एका आंतरराष्ट्रीय संस्थेने कारखानीस सरांना नेमलं होतं, आणि सरांनी "लॅबचं माणूस मला मंदाच पाहिजे" म्हणून मला सोबत घेतलं होतं.

घेणारच. विद्याधर कारखानीस म्हणजे रायगडातल्या आमच्या खत कारखान्याचे एके काळचे जनरल मॅनेजर. मी मंदाकिनी तांडेल, होडीवाल्या कोळ्याची मुलगी. बीएस्सी करून दारात उभी राहिले तेव्हा मुलाखतीतले बाकीचे साहेब माझ्या पायातल्या चपला बघत होते. सरांनी एकट्यानेच मला केमिस्ट्री विचारली आणि नोकरी दिली. त्या माणसाशी वाद घालायचं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

पण त्या सकाळी वाद झाला नाही. आम्ही गाडीत बसलो आणि डोंगरातला कारखाना बघायला निघालो. वाटेत मला सारखी मिलेवा आठवत होती.

तीन दिवसांपूर्वी आम्ही समुद्राकाठच्या कारखान्यात होतो. मिलेवा तिथली केमिस्ट. पन्नाशीची, ठेंगणी, खांद्यावर विणकामाची पिशवी. तिचं इंग्रजी माझ्याहून मोडकं, त्यामुळे आमचं झकास जमलं. दर सोमवारी ही बाई धुराड्याच्या एकशे बारा पायऱ्या चढायची आणि काचेच्या बाटलीत वायूचं सॅम्पल घेऊन यायची. पाऊस असो, बर्फ असो. अशी नऊ वर्षं. तिच्या वह्या मी चाळल्या. आकडे पाचाला सुरू व्हायचे, आठवड्यामागून आठवडे चढत तेराला जायचे, आणि सहा महिन्यांनी पुन्हा धपकन पाचावर. सरासरी नऊ.

"डायरेक्टर म्हणतात, वर्षातून दोनदाच मोज," मिलेवा म्हणाली. "मी म्हटलं, आकडा कमी पाहिजे तर वायू कमी करा. माझ्या पायऱ्या कशाला कमी करता?"

मी हसले. ती मात्र हसली नाही. त्यांच्या मंत्र्याने जाहीर केलं होतं: तुलनेत आपला कारखाना शेजाऱ्यापेक्षा घाणेरडा निघाला तर कुलूप ठोकू. आत दोनशे चाळीस माणसं, आणि त्या गावात दुसरा धंदा नाही. वायू मारायचा उपायही होता. यंत्रात ज्या जाळीवर अमोनिया जळतो, तिच्याखालच्या टोपलीत एक प्रकारच्या गोळ्या पसरायच्या. वायू त्यांतून गेला की फुटून साधी हवा होतो. संस्था त्या गोळ्या देणारही होती, पण दोघांपैकी एकाला, जो जास्त शिस्तीचा ठरेल त्याला.

निघताना मिलेवाने माझ्या हातात अंजिराच्या मुरंब्याची बरणी कोंबली. म्हणाली, "तुमच्या तक्त्यात मी हरणार, मला माहीत आहे. पण माझा एकही आकडा खोटा नाही. एवढी एक ओळ लिहाल ना?"

"लिहीन," मी म्हटलं. म्हणायला काय जातंय!

डोंगरातला कारखाना बघून मात्र जीव सुखावला. रंगवलेले पाइप, खिडक्यांत फुलांच्या कुंड्या. तिथला मुख्य इंजिनियर श्टेफान, सहा फुटी, मोकळा माणूस. एकेक यंत्र लेकराच्या पाठीवरून हात फिरवावा तसं दाखवत होता. सर तर खूश. दोघांचं दाबाचं आणि तापमानाचं असं काही रंगलं, की मी मागे पडले आणि कँटीनबाहेरच्या भिंतीवरचे फोटो बघत उभी राहिले.

सगळे फोटो एकाच प्रसंगाचे, वेगवेगळ्या वर्षांचे. जाळी बदलण्याचे.

जाळी म्हणजे काय ते सांगते. या कारखान्याचा प्राण म्हणजे प्लॅटिनमची जाळी, पोळ्यांच्या तव्यासारखी गोल, पण चांगली मोठी आणि साडीच्या पदरासारखी तलम. तापून लाल झालेल्या त्या जाळीवर अमोनिया जळतो. दर सहा महिन्यांनी ती झिजते, नवी घालावी लागते. प्लॅटिनम पडलं, त्यामुळे नवी जाळी येते ती बंदोबस्तात. फोटोंत बंदूकवाले शिपाई होते, राजधानीहून आलेले अधिकारी होते, कामगार नव्या टोप्या घालून उभे होते आणि कुणीतरी जाळीवर पाव नि मीठ ओवाळत होतं. अगदी आमचं नारळ फोडणंच की हे!

आणि प्रत्येक फोटोत कडेला एक चष्मेवाला उभा. त्याच्या हातात काचेची बाटली. सॅम्पलची.

मी पिशवीतून श्टेफानच्या देशाचा अहवाल काढला. सॅम्पलच्या तारखा एकीकडे, फोटोखालच्या तारखा दुसरीकडे. प्रत्येक वेळी चार दिवसांचं अंतर. नव्या जाळीचा चौथा दिवस!

मी तिथूनच हिराजीमामांना फोन लावला. हिराजी म्हात्रे आमच्या कारखान्यातले जुने फिटर. तीस वर्षं जाळ्या त्यांच्याच हातांनी बसल्या. तिकडे दुपार टळली असेल. मामा झोपाळ्यावर असावेत, कड्यांची कुरकुर ऐकू येत होती.

"मामा, आपण नायट्रसचं सॅम्पल कधी घ्यायचो हो?"

"आता गो काय नवीन? जाली आली का चवथ्या दिवशी. मुंबईचा लॅबवाला जालीच्या जीपमधनं यायचा, जीप चार दिस थांबायची, तो सॅम्पल घेऊन त्याच जीपनं परत. दुसऱ्यांदा कोन येतंय एवढ्या लांब?"

"दर वेळी?"

"दर वेळी. ते एक वरीस सोडून. पुलाचं काम चाललं व्हतं, जाली होडीनं आली, लॅबवाला आलाच नाय, तवा तूच दर महिन्याला वर जायचीस. बाटली मीच धरायचो ना! आकडा वाढत वाढत गेला आनि तू घाबरलीस. सायबाला दावलास नं तू तो कागद?"

"दाखवला."

"मंग काय बोलले सायेब?"

मी फोन बंद केला. मामांना नंतर सांगितलं, रेंज गेली.

साहेब काय बोलले होते ते माझ्या चांगलं लक्षात होतं. मी तेव्हा सव्वीस वर्षांची. चार, पाच, सात, दहा, अकरा असे आकडे लिहिलेला कागद मी त्यांच्या टेबलावर ठेवला. जाळी जुनी होते तसा वायू वाढतो, सर. आपण फक्त नव्या जाळीचा आकडा कळवतो. सरांनी कागद दोनदा वाचला. मग माझ्या हातात परत दिला. "छान काम केलंस. पण हे फाइलला नको लावूस." मी नाही लावला. यंत्रं देणाऱ्या परदेशी कंपनीची करारात अट होती, ठरावीक आकड्याच्या वर वायू गेला की कारखाना नापास. आम्ही पास झालो. स्वच्छ कारखाना म्हणून चांदीची ढालही मिळाली. सरांच्या दिवाणखान्यात लावलीये ती. मी स्वतः तिच्याखाली बसून पोहे खाल्लेत.

परतीच्या गाडीत मी सरांना फोटोंचं सांगितलं. ड्रायव्हरला मराठीचा गंध नव्हता, म्हणून बरं.

"श्टेफानने फसवलेलं नाही सर. प्लॅटिनमची गाडी येते, तिच्यातून लॅबवाला येतो, तिच्यातूनच जातो. त्याच्या डोक्यातसुद्धा नाही. पण हा आकडा म्हणजे लग्नातला फोटो दाखवून बाई रोज अशीच दिसते म्हणण्यातला प्रकार आहे. वर्षभर मोजलं तर हासुद्धा आठ-नऊवर येईल."

सर बाहेर बघत होते. "तुला कसं कळलं, असं विचारतील."

"हो. विचारतील."

"मग काय सांगशील?"

"आपल्या कारखान्यात झालं ते."

ते मग खालच्या आवाजात म्हणाले, "मंदा, त्या अकरा वर्षांच्या प्रत्येक कागदावर माझी सही आहे. मी आता सदुसष्टचा आहे. असं कर, 'मोजण्याच्या पद्धतीत फरक आढळतो' एवढंच लिहू. तेही खरंच आहे ना?"

"त्या एका ओळीने कुलूप थांबेल का, सर?"

"तेव्हा आपलाही कारखाना नापास झाला असता. नऊशे माणसं होती आपली! तुझे मामा होते, तू होतीस. मी काय करायला हवं होतं?"

आणि माझा संयम सुटला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर आवाज चढवला.

"मग तिची दोनशे चाळीस आहेत, त्यांचं काय! तुम्ही नऊशेंसाठी आकडा झाकलात. आता तिने झाकला नाही म्हणून तिची माणसं घरी बसवायची? ती बाई नऊ वर्षं दर सोमवारी चढतेय, सर. मी पाच महिने चढले आणि तुम्ही नको म्हणालात तर मूग गिळून खाली उतरले. मला तिला तोंड दाखवायचंय उद्या."

ड्रायव्हरने आरशातून आमच्याकडे बघितलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. रात्री हॉटेलात जेवायला ते खाली आलेच नाहीत. मला रडू येत होतं, आणि रागही येत होता, रडू येतंय म्हणून.

दुसऱ्या दिवशी दहाला बैठक. लांब टेबलाच्या एका बाजूला श्टेफान आणि त्याचे लोक, समोर मिलेवा आणि तिचे डायरेक्टर. मिलेवाने चांगला निळा कोट घातला होता, पिशवी मात्र तीच. मध्ये संस्थेच्या अध्यक्षबाई. सर माझ्या शेजारी, न झोपल्यासारखे. तक्ता मी मांडायचा होता.

मी उभी राहिले. दोन आकडे वाचून दाखवले, तीन आणि नऊ. श्टेफानच्या बाजूला हळूच टाळी वाजली. मिलेवा टेबलाकडे बघत होती.

"पण ही तुलना चुकीची आहे," मी म्हटलं. "नऊ हा वर्षभराचा आकडा आहे. तीन हा फक्त चौथ्या दिवसाचा." आणि मग फोटो, तारखा, जाळी, गाडी, सगळं सांगितलं.

श्टेफानचा चेहरा लालबुंद झाला. "म्हणजे आम्ही खोटारडे?"

"नाही. तुम्ही ज्या गाडीने माणूस आला त्याच गाडीने परत पाठवलात. एवढंच."

"जाळी जुनी झाली की आकडा तिप्पट होतो? हे त्यांच्याकडे होत असेल, त्यांचा कारखाना जुना आहे! तुम्ही आणखी कुठे बघितलंय हे? एक कारखाना सांगा. एक!"

"माझा," मी म्हटलं.

मी आकडे सांगितले. चार, पाच, सात, दहा, अकरा. सोळा वर्षं झाली होती, तरी पाढ्यासारखे पाठ होते.

अध्यक्षबाईंनी पेन उचललं. "हे आकडे कुठल्या अहवालात आहेत?"

"कुठल्याच नाहीत."

"मग तुमचा अहवाल काय सांगतो?"

"चार."

"आणि बाकीचे?" श्टेफान टेबलावर वाकला. "बाकीचे तुम्ही लपवलेत? आणि आम्हाला शिकवायला आलात?"

त्याचं काय चुकलं होतं? मिलेवा माझ्याकडे बघत होती, ते मला सहन होईना. हो म्हणायचं आणि खाली बसायचं, असं मी ठरवलं.

तेवढ्यात शेजारची खुर्ची सरकली.

"तिने नाही लपवले," कारखानीस सर उभे राहिले होते. "ती सव्वीस वर्षांची होती. तिने सगळं मोजून माझ्या टेबलावर आणून ठेवलं होतं. मी तिला म्हणालो, फाइलला लावू नकोस. तो मी होतो. आणि पुढची सगळी वर्षं मी चौथ्या दिवसाचाच आकडा पाठवला. माहीत असून." त्यांनी एक हात टेबलावर टेकवला. "श्टेफान, तुम्हाला माहीत नव्हतं. मला होतं. म्हणून मी सांगतो, मंदा बरोबर आहे. आणि त्या," त्यांनी मिलेवाकडे बोट दाखवलं, "त्या गेली नऊ वर्षं बरोबर आहेत. धडा घ्यायचा तर त्यांच्याकडून घ्या. मी काल उलटं वाक्य लिहिलं होतं. ते खोडलं आहे."

मिलेवाच्या डायरेक्टरने तिच्या कानात काहीतरी विचारलं. तिने विणकामाच्या पिशवीतून रुमाल काढला आणि अख्ख्या बैठकीसमोर जोरात नाक शिंकरलं.

श्टेफान खाली बसला. मग म्हणाला, "आमची सध्याची जाळी पाच महिन्यांची झाली आहे. उद्या सकाळी माझ्याबरोबर वर या. सगळे."

आम्ही गेलो. मिलेवासुद्धा. बाटली तिनेच धरली, आणि कशी धरायची ते श्टेफानच्या चष्मेवाल्याला दाखवत होती, अगदी सासूच्या थाटात. आकडा निघाला दहा पूर्णांक चार. श्टेफानने तो आकडा बघितला, एक सणसणीत शिवी हासडली, आणि मग मिलेवाशी हात मिळवला.

कुलूप लागलं नाही. दोन्ही देशांनी वर्षभर, दर सोमवारी, मिलेवाच्या पद्धतीने मोजलं. तिचा आकडा नऊ, त्याचा आठ पूर्णांक सात. त्यात कोण कुणाला नावं ठेवणार? गोळ्या कुणाला द्यायच्या यावर संस्थेत म्हणे बरीच डोकेफोड झाली. शेवटी दोघांनाही दिल्या, आधी मिलेवाला आणि वर्षभराने श्टेफानला. आज दोघांचेही आकडे एकाच्या खाली आहेत. मिलेवा निवृत्त झाली. तिच्या जागेवरची मुलगी मला दर नवीन वर्षाला आकडा कळवते, आणि मिलेवा मुरंबा पाठवते.

सरांना संस्थेने पुन्हा काम दिलं नाही. परतीच्या विमानातून उतरताना फक्त म्हणाले, "बरं केलंस ओरडलीस ते."

मला वाटलं होतं विषय तिथेच संपला. पण सहा महिन्यांनी एका सकाळी सर आमच्या कारखान्याच्या गेटवर हजर! अंगात जुना सुती शर्ट, सोबत हिराजीमामा. मामांच्या हातात नारळ.

"जाळी कधी बदलणार आहात?" सरांनी विचारलं.

"परवा. नवी आली की चौथ्या दिवशी..." मी जीभ चावली.

"नवीचं नव्या वेळी बघू. आज जुनीचा आकडा घेऊ. मी नव्या साहेबांशी बोललोय. त्यांना सगळं सांगितलंय. सगळं म्हणजे सगळं. ढाल पण परत करून आलोय."

अडुसष्ट वर्षांचा तो माणूस धुराड्याची शिडी चढला. मी मागून "सर, सावकाश," म्हणत होते आणि ते "गप गं" म्हणत होते. मामा खालीच थांबले. आम्ही बाटली घेऊन उतरलो तेव्हा त्यांनी नारळ डोक्यावर धरला होता.

"मामा, नारळ नव्या जाळीला फोडतात ना?" मी म्हटलं.

"आजवर नवीलाच फोरला गो," मामा म्हणाले. "ही बिचारी सहा म्हैने जलली. हिला कोनी इचारलं?"

नारळ फुटला. मी लॅबमध्ये बाटली लावली. सर माझ्या पाठीमागे उभे राहून यंत्राकडे बघत होते. आकडा आला तशी मी वही त्यांच्याकडे सरकवली. सरांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'अकरा पूर्णांक दोन', आणि खाली पूर्ण नावानिशी सही केली.

"आता हा कागद," ते म्हणाले, "फाइलला लाव."